बॉनेटखाली नेमकं कुणाचं इंजिन? जुन्या गाडीतल्या अनोळखी इंजिनाचं मूळ असं शोधतात

बॉनेटच्या टोकावर प्लिमथचं जहाज. आरसी बुकात प्लिमथ, सन १९४८. घरातही तिला सगळे 'आजोबांची प्लिमथ'च म्हणतात. समजा, वीस-पंचवीस वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली अशी एखादी गाडी पुन्हा चालू करायची ठरते. बॉनेट उघडलं जातं. मेकॅनिक इंजिनावरचा ग्रीसचा थर पुसतो, खाली नंबर दिसतो आणि तो आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही.

मग आत बसलंय ते इंजिन कुणाचं? दुसऱ्या प्लिमथचं? डॉजचं? ट्रकचं? की भंगारातून उचललेलं भलतंच काहीतरी?

भारतातल्या जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न नवा नाही. पण त्याचं उत्तर चुकलं तर खिशाला झळ बसते. परदेशातून मागवलेले सुटे भाग बसत नाहीत, गाडीची किंमत बदलते आणि 'व्हिंटेज' नोंदणी अडू शकते.

दिलासा एवढाच की, लोखंड सहसा खोटं बोलत नाही. बॅज बदलता येतो, रंग बदलता येतो, इंजिनावर ठोकलेला नंबरही घासून नवा टाकता येतो. पण ओतलेल्या ब्लॉकची लांबी आणि पिस्टनचा वर-खाली प्रवास बदलणं सोपं नसतं. म्हणून अनोळखी इंजिनाचा शोध कागदापासून नाही, लोखंडापासून सुरू करायचा असतो.

मुळात इंजिन बदललं का जायचं?

याचं उत्तर भारताच्या, आणि त्यातही मुंबईच्या, मोटार इतिहासात आहे.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्याच काळात महिंद्राने विलिस जीप जोडायला घेतली.

पुढे १९५३ मध्ये सरकारने धोरण बदललं. फक्त परदेशी सुटे भाग आणून गाडी जोडणाऱ्यांना रस्ता बंद झाला. ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भारतात उत्पादन करण्याची योजना होती तेच टिकले. जनरल मोटर्स आणि फोर्डने १९५४च्या सुमारास भारतातला गाशा गुंडाळला.

गाड्या मात्र इथेच राहिल्या. त्यांचे पिस्टन झिजले, ब्लॉकला तडे गेले आणि नवं इंजिन मिळण्याची सोय उरली नाही. मग मेकॅनिक जे मिळेल ते बसवू लागले. कधी अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन, कधी ट्रकचं, कधी जीपचं. पेट्रोल परवडेना तेव्हा मोठ्या अमेरिकी गाड्यांत चक्क डिझेल इंजिनं आली. त्या मेकॅनिकांना गाडी चालू ठेवायची होती. पन्नास वर्षांनी कुणी नंबर जुळवत बसेल, हा विचार करायचं त्यांना कारणच नव्हतं.

पहिला नियम: आधी फोटो, मग ब्रश

सर्वात मोठी चूक पहिल्याच दिवशी होते. उत्साहाच्या भरात इंजिनाला वायर ब्रश, ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग लावलं जातं, वरून चकचकीत रंग मारला जातो आणि त्यासोबत अर्धा पुरावा निघून जातो.

इंजिनाचा मूळ रंग, एखादी पितळी पट्टी, ठोकलेल्या नंबराच्या आजूबाजूच्या मशीनच्या बारीक रेषा, जुन्या गॅरेजने खडूने किंवा पंचने केलेल्या खुणा, हे सगळं ओळख पटवायला उपयोगी पडतं. म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. त्यानंतर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेला कपडा आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. पितळी पट्ट्यांचे रिव्हेट काढू नयेत.

अक्षरं अंधूक असतील तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा खेळ आठवावा. तीच युक्ती इथे चालते. उठावदार अक्षरांवर खडू फिरवला तरी ती फोटोत स्पष्ट येतात.

एक नंबर ओतलेला, दुसरा ठोकलेला

इंजिनावर एक नंबर नसतो, अनेक असतात. त्यांची गल्लत हे चुकीच्या ओळखीचं मुख्य कारण आहे.

पहिला प्रकार म्हणजे ओतीव नंबर. ब्लॉक ओतताना साच्यातच हा आकडा असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर उठून दिसतो. हा त्या भागाचा नंबर असतो, त्या गाडीचा नाही. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकवर तोच आकडा सापडतो. त्यावरून इंजिनाचं घराणं कळतं.

दुसरा प्रकार म्हणजे ठोकलेला नंबर. मशीनने सपाट केलेल्या जागेवर पंचने एकेक अक्षर मारलेलं असतं, म्हणून ते आत गेलेलं दिसतं. हा त्या एका इंजिनाचा स्वतःचा नंबर. आरसी बुकात नोंदवला जातो तो हाच.

काही कंपन्या ओतकामाची तारीखही ब्लॉकवर टाकत. जुन्या शेवरोले इंजिनांवर अनेकदा एक अक्षर आणि दोन आकडे दिसतात. अक्षर महिन्याचं असतं, म्हणजे इंग्रजी 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी. पुढचा आकडा तारखेचा आणि शेवटचा वर्षाचा. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च, आणि ९ने संपणारं वर्ष. ते १९३९ की १९४९ हे मात्र आकडा सांगत नाही. ते ओतीव नंबरावरून आणि इंजिनाच्या रचनेवरून ठरवावं लागतं.

या तारखेचा एक साधा उपयोग आहे. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा. गाडी १९४८ची आणि ब्लॉक १९५१ मध्ये ओतलेला असेल, तर ते इंजिन मूळचं नाही. इथे वादाला जागाच उरत नाही.

प्लिमथ, डॉज की ट्रक?

आता पुन्हा त्या प्लिमथकडे. क्रायस्लर समूहाने एकाच घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन प्लिमथ, डॉज, डिसोटो आणि क्रायस्लर गाड्यांना दिलं. डॉज आणि फार्गो ट्रकनाही तेच. बोटी, शेतीची यंत्रं आणि कारखान्यातली यंत्रंही त्यावर चालत. हे 'साइड व्हॉल्व्ह' पद्धतीचं इंजिन आहे. त्याचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण आणि त्यात वरून बसवलेले सहा स्पार्क प्लग. टॅपेट कव्हर वर दिसतच नाही.

या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाशी, हेडच्या लगेच खाली आणि जनरेटरच्या वर एका छोट्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. डावी बाजू म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघितल्यावरची डावी. अनेकांना नंबर सापडत नाही, कारण ते समोर उभे राहून डावं-उजवं ठरवतात.

नंबराची सुरुवातच बरंच सांगते. 'पी-१५' म्हणजे युद्धानंतरची, १९४६ ते १९४९च्या सुरुवातीपर्यंतची प्लिमथ. 'डी-२४' म्हणजे त्याच काळातली डॉज. सुरुवातीला 'टी' असेल तर इंजिन ट्रकचं. 'आयएनडी' असेल तर ते कारखान्यातल्या किंवा शेतातल्या यंत्रासाठी बनलेलं.

म्हणजे प्लिमथच्या पोटात 'डी-२४' सापडलं तर ते इंजिन डॉजचं आहे. घराणं एकच असल्यामुळे ते गाडीत सहज बसतं आणि बाहेरून फरक कळत नाही.

आणि नंबरच नसेल तर? ती जागा पूर्ण कोरी असेल, तर कंपनीने सुटा विकलेला बदली ब्लॉक असण्याची शक्यता असते. पण तिथे घासल्याच्या खुणा असतील किंवा अक्षरं वाकडीतिकडी, वेगवेगळ्या उंचीची असतील, तर नंबर नंतर ठोकलेला असू शकतो. प्रत्येक वेळी त्यामागे चोरीच असते असं नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत त्या काळी गाडीची मालकी इंजिन नंबरावरच नोंदली जायची. तिथे नव्या ब्लॉकवर जुनाच नंबर टाकण्याची पद्धत होती.

सीसी तीच, इंजिन वेगळं

इथपर्यंत आल्यावर अनेक जण सीसी विचारतात आणि तिथेच फसतात.

अमेरिकेत बनलेल्या पी-१५ प्लिमथच्या इंजिनाचा बोअर सव्वातीन इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. सहा सिलिंडरची मिळून क्षमता २१७.८ घनइंच, म्हणजे सुमारे ३५६९ सीसी. याच घराण्याचं कॅनडात बनलेलं इंजिन घेतलं तर बोअर ३ पूर्णांक ३/८ इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक १/१६ इंच. क्षमता सुमारे ३५७३ सीसी. फरक फक्त चार सीसीचा.

पण ब्लॉक पूर्ण वेगळा आहे. अमेरिकी प्लिमथ-डॉजच्या हेडची लांबी सुमारे साडेतेवीस इंच, शौकीन त्याला '२३ इंची' म्हणतात. कॅनडाच्या इंजिनाचं आणि अमेरिकेतल्या डिसोटो-क्रायस्लरचं हेड २५ इंची. २३ इंचीचं गॅस्केट २५ इंचीवर बसत नाही. हेड बसत नाही. फक्त 'प्लिमथ, १९४८' एवढं सांगून परदेशातून गॅस्केट मागवलं, त्यावर कुरिअर आणि कस्टम ड्युटी भरली आणि महिनाभर वाट पाहिली, तरी हाती बिनकामाचा पत्रा येऊ शकतो. हे टाळायला लागते ती फक्त एक मोजपट्टी.

भारतातल्या गाडीत कॅनडाचा संबंध कुठून आला? ब्रिटिश साम्राज्यातल्या बाजारपेठांत कॅनडातून माल पाठवणं अमेरिकी मोटार कंपन्यांना सोयीचं पडायचं. फोर्डची त्या काळातली भारतीय कंपनी तर फोर्ड कॅनडाचीच उपकंपनी होती. त्यामुळे इथल्या जुन्या अमेरिकी गाडीचं मूळ शोधताना कॅनडा विसरून चालत नाही.

जीपमध्ये हाच पेच आणखी घट्ट होतो. युद्धकाळातल्या विलिस जीपचं 'गो डेव्हिल' आणि नंतरचं 'हरिकेन', दोन्ही इंजिनांचा बोअर ३ पूर्णांक १/८ इंच, स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. क्षमता दोन्हींची सुमारे २.२ लिटर. मोजून फरक सापडणारच नाही. तो रचनेत आहे. गो डेव्हिलचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. हरिकेनचे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि धूर बाहेर टाकणारे खालीच राहिले. त्यामुळे हरिकेनवर टॅपेट कव्हर दिसतं आणि ते उंचही आहे. महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी जीपचं बॉनेट एवढं उंच का, याचं उत्तर हेच. खालचं इंजिन उंच होतं.

अ‍ॅम्बॅसडरचंही तसंच. अगदी सुरुवातीच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन होतं. नंतर १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन आलं, ज्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आहेत. तेरा सीसीचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी इंजिनं आहेत.

इंजिन न उघडता स्ट्रोक मोजण्याची युक्ती

प्लिमथचा स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच, तर डी-२४ डॉजचा ४ पूर्णांक ५/८ इंच. बोअर दोन्हींचा सव्वातीन इंच. पाव इंचाच्या या फरकामुळे डॉजची क्षमता सुमारे ३७७२ सीसी होते. नंबर घासलेला असेल तर दोघांना वेगळं कसं करायचं?

या इंजिनाच्या हेडमध्ये, मागच्या टोकाला सहाव्या पिस्टनच्या बरोबर वर, एक छोटा बूच असतो. तो काढायचा, त्यातून लांब पितळी किंवा लाकडी काडी पिस्टनवर टेकवायची आणि इंजिन हाताने सावकाश फिरवायचं. पिस्टन सर्वात खाली असताना एक खूण, सर्वात वर असताना दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. १११ मिलिमीटरच्या आसपास आलं तर प्लिमथ, साडेसतरा-अठरा जास्तीच्या शंभरावर, म्हणजे ११७.५च्या आसपास आलं तर डॉज आणि १०३च्या आसपास आलं तर कॅनडाकडे बघावं.

दोन गोष्टी सांभाळायच्या. काडीचं वरचं टोक वाकवलेलं असावं, नाहीतर ती आत पडते. आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन आधी सिलिंडरमध्ये तेल सोडून, काही दिवस मुरू देऊन मगच फिरवावं. स्टार्टर मारायचा नाही.

बोअरपेक्षा स्ट्रोकवर जास्त विश्वास ठेवतात, त्याला कारण आहे. जुनं इंजिन झिजलं की ते लेथवर नेऊन बोअर केलं जातं आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. त्यामुळे बोअर वाढत जातो. पिस्टनच्या डोक्यावर '०३०' किंवा '०४०' असं कोरलेलं असेल तर बोअर मूळ मापापेक्षा इंचाच्या तीस किंवा चाळीस हजारांशाने मोठा आहे असं समजावं. स्ट्रोक मात्र क्रँक बदलल्याशिवाय सहसा बदलत नाही.

मिलिमीटरमध्ये लपलेले इंच

इंजिन कोणत्या देशात आखलं गेलं, हे त्याच्या मापांवरून कळू शकतं.

प्रीमियर पद्मिनीचं फियाट घराण्यातलं इंजिन घेतलं तर बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, क्षमता १०८९ सीसी. सरळ, पूर्ण आकडे. आखणारा माणूस मिलिमीटरमध्ये विचार करत होता. अ‍ॅम्बॅसडरच्या बीएमसी इंजिनाचा बोअर ७३.०२५ आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. हे विचित्र आकडे इंचात नेले की २ पूर्णांक ७/८ आणि साडेतीन होतात. म्हणजे आखणी इंचात, ब्रिटनमध्ये.

डिझेल इंजिनांनाही हे लागू होतं. एखाद्या जुन्या गाडीत चार सिलिंडरचं अनोळखी डिझेल निघालं आणि बोअर ९०, स्ट्रोक ८३ मिलिमीटर भरला, तर क्षमता २११२ सीसी येते. ते फ्रान्सच्या प्यूजोचं डिझाइन, जे परवाना घेऊन महिंद्राने भारतात बनवलं आणि जीपमध्ये बसवलं. २.४ लिटरच्या आसपास आलं तर आकुर्डीच्या बजाज टेम्पोकडे बघावं. तिथे मर्सिडीजच्या ओएम-६१६ घराण्यातलं इंजिन परवान्याखाली बनायचं.

म्हणजे 'मूळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इंजिन आखलं गेलं एका देशात आणि बनलं दुसऱ्याच गावात. शोधताना दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहून ठेवावीत. सुटे भाग मागवताना दुसरं उत्तर जास्त कामाला येतं.

पान्याला चकवणारे बोल्ट

बोल्टचे आटेही देश सांगतात. अमेरिकी आटे वेगळे, ब्रिटिश व्हिटवर्थ वेगळे, युरोपचे मेट्रिक वेगळे. पण इथेही एक सापळा आहे.

पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडच्या कोव्हेंट्रीमध्ये शस्त्रांचा कारखाना काढला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि १९२३ मध्ये मॉरिसने कारखानाच विकत घेतला. मशिनरी फ्रेंच होती, त्यामुळे आटे मेट्रिक पडायचे. ब्रिटिश मेकॅनिककडचे पाने मात्र व्हिटवर्थ मापाचे. तोडगा असा निघाला की आटे मेट्रिक ठेवायचे आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ मापाचं करायचं. ही पद्धत पुढे काही दशकं चालली.

मॉरिस टेनचं ११४० सीसीचं इंजिन याच परंपरेतलं. त्याचा बोअर ६३.५ मिलिमीटर म्हणजे नेमका अडीच इंच, आणि स्ट्रोक सरळ ९० मिलिमीटर. अर्धं इंग्रज, अर्धं फ्रेंच. हा भारतासाठी दूरचा किस्सा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळातली हिंदुस्तान टेन ही मॉरिस टेनवरच आधारलेली होती. अशा इंजिनाला व्हिटवर्थचा पाना बसतो म्हणून बोल्टही व्हिटवर्थचाच आणला, तर ब्लॉकमधले आटे खराब होतात. म्हणून पान्यावर विसंबून न राहता आट्यांचा गेज लावून बघावा.

कोणत्या पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा?

सर्वात भक्कम पुरावा ब्लॉकचा. त्याची लांबी, व्हॉल्व्हची रचना, स्ट्रोक, ओतीव नंबर. त्यानंतर ठोकलेला नंबर. त्याच्याही खाली हेड आणि मॅनिफोल्ड, कारण ते बदलता येतात.

सर्वात कच्चा पुरावा म्हणजे इंजिनाला बाहेरून लावलेले भाग. कार्बोरेटरवर सोलेक्स लिहिलंय म्हणून इंजिन युरोपचं ठरत नाही. डिस्ट्रिब्युटर किंवा डायनामो लुकास-टीव्हीएसचा आहे म्हणून ते ब्रिटिश ठरत नाही. डिझेल पंपावर 'मायको' असेल तर पंप भारतात बनलाय एवढंच कळतं. हे भाग दुकानात मिळायचे आणि अमेरिकी इंजिनावरही बसवले जायचे.

एकट्या पुराव्यावर निकाल देऊ नये. ओतीव नंबर, रचना आणि माप, या तिन्ही गोष्टी एकाच इंजिनाकडे बोट दाखवत असतील तर ओळख पटली असं म्हणता येतं. दोन जुळतात आणि तिसरी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा दोन इंजिनांचे भाग एकत्र आलेले असतात. हेही भारतात नवलाचं नाही.

आरटीओचा प्रश्न

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी आणि चारचाकी यात येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. मुदत संपल्यावर पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांपुरतीच मुभा आहे.

यातली महत्त्वाची अट म्हणजे गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणूनच आत कुणाचं इंजिन आहे हा प्रश्न फक्त शौकिनांचा राहत नाही. प्लिमथमध्ये त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन असणं आणि प्लिमथमध्ये टेम्पोचं डिझेल असणं, या दोन गोष्टी एकाच मापाने तोलल्या जाणार नाहीत. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरटीओकडे व्हायला हवी, मग गाडी जुनी असो वा नवी.

इथे एक मोह टाळायचा असतो. कागदावरचा जुना नंबर पंचने नव्या इंजिनावर ठोकून 'जुळवून' टाकण्याचा. कुणी कितीही सहज सुचवलं तरी हे करू नये. तो कायद्याच्या दृष्टीने गंभीर प्रकार आहे. शिवाय त्यामुळे गाडीचा खरा इतिहास कायमचा पुसला जातो. त्यापेक्षा फोटो, मापं आणि ओतीव नंबरांची नीट फाइल करून आरटीओसमोर ठेवलेली बरी.

इंजिन परकं निघालं तर?

शोध संपल्यावर चारपैकी एक उत्तर मिळतं. इंजिन मूळचंच आहे. किंवा त्याच मॉडेलचं दुसरं आहे. किंवा घराण्यातलं आहे, पण डॉजचं किंवा ट्रकचं. किंवा पूर्ण परकं आहे.

पहिल्या उत्तराला बाजारात जास्त भाव मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरात गाडीचा स्वभाव बदलत नाही आणि सुटे भागही मिळतात, फक्त ते योग्य नावाने मागवावे लागतात. चौथ्या उत्तरात मूळ घराण्याचं इंजिन शोधायचं की आहे तेच ठेवायचं, हा निर्णय मालकाचा. ते बदललं तरी काढलेलं इंजिन लगेच भंगारात देऊ नये. कुणी सांगावं, दुसऱ्या एखाद्या जीपला किंवा टेम्पोला तेच हवं असेल.

आणि इंजिन परकं निघालं म्हणून गाडी खोटी ठरत नाही. त्या काळात सुटे भाग मिळत नव्हते, तेव्हा कुणीतरी ट्रकचं इंजिन या प्लिमथमध्ये बसवलं. तसं केलं नसतं तर ही गाडी तेव्हाच भंगारात गेली असती आणि आज बॉनेट उघडून नंबर बघायला काही उरलंच नसतं. म्हणून गाडीच्या फाइलमध्ये मूळ इंजिनाच्या नंबराखाली या दुसऱ्या इंजिनाचा नंबरही लिहून ठेवावा.